अध्यक्षांच्या डब्याचं झाकण

२६ जानेवारी, रविवार

आज मी अध्यक्ष झालो.

सकाळी कारखान्यात झेंडावंदन होतं. दिग्विजयदादांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मोबाइलमध्ये बघून संविधानाची उद्देशिका वाचली, आम्ही मागून म्हटली. मग दादा म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब. म्हणून आजपासून आपलं परिवार मंडळ सुरू. आणि त्याचे अध्यक्ष, आपले महिपती मास्तर!" टाळ्या झाल्या. मला नारळ, गुलाबाचं फूल आणि ही डायरी मिळाली. डायरीवर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात आहे.

मी कटिंग मास्तर. शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने सोलापुरात गल्लोगल्ली आहेत, पण कापडाची चळत लावून एका दमात सरळ कापणारा असा हात दुसरीकडे नाही. हे मी म्हणत नाही, थोरले शेठ म्हणायचे. ते गेले, आता सगळं दादा बघतात. म्हणजे माझी कदर दोन पिढ्यांनी केली.

घरी येऊन मालतीच्या हातात नारळ ठेवला. ती म्हणाली, "कुणी निवडलं तुम्हाला?"

"दादांनी जाहीर केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या की."

"भाषण संपलं म्हणून पण वाजवतात लोक," म्हणाली आणि नारळ फोडायला घेतला. बायकोला अध्यक्षाचं काय कौतुक!

४ फेब्रुवारी, मंगळवार

मंडळाची सूचनापेटी दारापाशी लावली होती. आज उघडली. आत शेंगाचटणीची रिकामी पुडी आणि एक तुटकं बटण. लोकांना सूचना करायचीच नसेल तर अध्यक्षानं काय करावं?

पण आमच्याकडे एकोपा आहे, हे मान्य करायला पाहिजे. दुपारचं जेवण सगळे मिळून करतात. मशीनवाल्या, काज-बटणवाल्या, इस्त्रीवाले, सगळे मधल्या मोकळ्या जागेत गोल करून बसतात. मी कटिंग टेबलापाशी माझ्या स्टुलावर. मास्तरनं खाली बसायची पद्धत नाही. पण माझ्या डब्याचं झाकण गोलात जातं, हातोहात फिरतं आणि भरून परत येतं. कुणाचा ठेचा, कुणाची शेंगाची पोळी, तानाबाईची कडक भाकरी. तानाबाई कुंभारीहून येते, शर्टाचे सुटे धागे कापायचं काम तिचं. गळ्यात कायम कात्री. तिच्या भाकरीसारखी भाकरी मालतीला जमत नाही. हे घरी बोलायचं नाही.

जेवता जेवता मी स्टुलावरून कामाचंही सांगून टाकतो. एकाच निळ्या रंगाचे दोन तागे असले तरी एक जरा फिका निघतो, एक गडद. त्याला आम्ही शेड म्हणतो. एका शेडची बाही दुसऱ्या शेडच्या अंगाला लागली की शर्ट दुरंगी दिसतो आणि शाळा परत पाठवते. म्हणून ओरडून सांगायचं, "आज निळ्याच्या दोन शेड आहेत गं, बंडलं मिसळू नका!" सगळ्यांच्या कानावर एकदमच जातं. थोरल्या शेठांपासून हीच रीत.

२० फेब्रुवारी, गुरुवार

बायकांच्या संडासाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते. शिस्त म्हणून. मागायची, जायचं, आणून द्यायची. सोपं आहे.

आज अंकिता आली. मशीनवरची पोरगी, बारावी शिकलेली, हात चलाख आणि तोंड त्याहून चलाख. म्हणाली, "मास्तर, किल्ली बाहेर खिळ्याला लावा की. दर वेळी तुमच्यापुढं येऊन उभं राहायचं, सगळे माना वळवून बघतात."

"त्यात लाजायचं काय? मी काय कारण विचारतो?"

"विचारता की. काल तानाबाईंना म्हणालात, परत?"

ते मी गमतीनं म्हणालो होतो.

"तुम्ही मंडळाचे अध्यक्ष ना? मग हा विषय मंडळात घ्या," म्हणाली. हे मला बरं वाटलं. कुणीतरी पहिल्यांदाच मंडळाचं नाव घेतलं. लगेच दादांच्या केबिनमध्ये गेलो. दादा हसले. "मास्तर, किल्ली बाहेर लटकवली की अर्धा कारखाना बाहेरच असणार. तुम्ही अध्यक्ष, तुम्हीच समजावा त्यांना." माझ्यावर विश्वास किती आहे बघा.

बाहेर येऊन सांगितलं, विषय विचाराधीन आहे. तानाबाई म्हणाली, "तुमचा इचार हुईपत्तोर आमी कसं धरून बसायचं, मास्तर?" सगळ्या हसल्या. मीही हसलो, पण मला ते आवडलं नाही.

६ मार्च, गुरुवार

चार दिवस झाले, मी गोलाजवळून गेलो की बोलणं थांबतं. आज तिप्पण्णाला गाठलं. तो इस्त्रीवर आहे, अक्कलकोटकडचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि पोटात काही राहत नाही.

"तुमाला ठाऊक न्हाय काय मास्तर? युनियन काढायलेत. अंकिता अन् तानाबाई पुढं हायेत. मी बी नाव दिलोय. तुमी येताय काय?"

"मी? अरे, मी अध्यक्ष आहे."

"व्हय की. म्हणूनच विचारलो."

मला खरंच वाईट वाटलं. आपलं मंडळ असताना दुसरी चूल कशाला? कुणाला काही कमी पडलं तर मी आहे ना!

संध्याकाळी दादांनी सहज विचारलं, "काय म्हणतंय मंडळ?" मीही सहज सांगितलं. नावं त्यांनी विचारली नव्हती. ती बोलण्याच्या ओघात आली.

१० मार्च, सोमवार

दादांनी महत्त्वाचं काम दिलं. उन्हाळा सुरू झालाय, पत्रा तापतोय, जेवायला सगळे एकत्र बसले की गर्दी होते, उकडतं. म्हणून जेवणाच्या पाळ्या लावायच्या. एका वेळी थोडीच माणसं. तक्ता मी केला. स्केलपट्टी घेऊन रेघा मारल्या, लाल-निळ्या पेनानं. आधी मशीनवाल्या, मग धागेवाल्या, मग इस्त्री. दादा म्हणाले, एक नंबर.

अंकिता आणि तानाबाई वेगवेगळ्या पाळीत गेल्या. विभागच वेगळे, त्याला मी काय करणार?

१२ मार्च, बुधवार

झाकण पहिल्या पाळीत पाठवलं. परत आलं ते रिकामं. नुसतं रिकामं नाही, पुसलेलं. माणसं कमी, म्हणून झालं असेल.

दुसऱ्या पाळीत पाठवलं. तानाबाईनं ते हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि स्वतः आणून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, "आता पंगत न्हाय, मास्तर. झाकण कशात फिरवायचं?"

तिसऱ्या पाळीत पाठवलं नाही. मालतीची गवार खाल्ली. गवार बरी होती.

२१ मार्च, शुक्रवार

वाईट झालं. निळे शर्ट दुरंगी निघाले. चळतीच्या चळती. गडद अंगाला फिक्या बाह्या. तानाबाईच्या टेबलावर धागे कापताना लक्षात आलं, तोवर मशीनवरून ढीग पडला होता.

मी शेडचं सांगितलं होतं. पण सांगितलं ते पहिल्या पाळीत. अंकिता त्या दिवशी उरलेलं काम संपवून मागाहून जेवली, तेव्हा मी परत कटिंगला लागलो होतो. तिनं येऊन विचारायला नको का? शिकलेली आहे.

दादा फार चिडले. माझ्यावर नाही, तिच्यावर. "कामात लक्ष नाही, दुसऱ्याच उद्योगात आहे," म्हणाले. उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिनं मशीनवरचं कापड काढून नीट घडी केली, सुई वर केली आणि निघाली. जाताना माझ्याकडे बघितलं. मी त्या वेळी खडू शोधत होतो.

२३ मार्च, रविवार

घरात माझ्यावर खटला चालला. आमची इंद्रायणी वकिलीचं शिकते. पोहे खाताना मी सहज कारखान्यातलं सांगितलं, तर उलटतपासणीच सुरू.

"पाळ्या कुणी लावल्या, पप्पा?"

"मी. गर्दी होते म्हणून."

"गर्दी होते, का बोलणं होतं?"

मग पुस्तक घेऊन आली. मालकानंच कामगारांची संघटना काढायची, तिला पोसायची, ही म्हणे अनुचित कामगार प्रथा. कायद्यात लिहिलंय. "तुमचं परिवार मंडळ ह्यात बसतं."

"म्हणजे मी अनुचित प्रथा?"

"तुम्ही नाही. मंडळ."

"अगं, मंडळात माझ्याशिवाय आहे कोण?"

मालती एवढी हसली की तव्यावरची पोळी करपली. मला हसू आलं नाही. मी म्हणालो, "संविधान आम्हीही वाचलंय, झेंड्याखाली उभं राहून. संघटना काढायचा हक्क सगळ्यांना आहे ना? मग दादांनाही आहे."

"आहे की. दादांनी कारखानदारांची संघटना काढावी, कोण अडवतंय? पण कामगारांची संघटना ते कशी काढणार? आणि पप्पा, एकोणिसावं कलम सरकारला सांगतं की आड येऊ नको. मालक आड आला तर त्याच्यासाठी कामगार कायदा. मूळ गोष्ट एकच. कुणाबरोबर बसायचं हे ज्यानं त्यानं ठरवायचं." मग म्हणाली, "तुम्हाला त्या मंडळातून बाहेर पडायचं म्हटलं, तर पडता येईल?"

"मी कशाला पडू?"

"पडता येईल का, एवढंच विचारलं."

मी पेपर उघडला. पोरीला शिकवलं ते बरंच केलं, पण दर रविवारी त्याची प्रचिती कशाला पाहिजे?

३० मार्च, रविवार

पाडवा. काल निघताना किल्ली चुकून खिशातच राहिली. सकाळी शर्ट धुवायला टाकताना मालतीला सापडली. कसली म्हणून विचारलं, सांगितलं. तिनं किल्ली हातात धरून माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग आमच्या संडासाला बाहेरून कुलूप घातलं आणि त्याची किल्ली कमरेला खोचली.

"आज तुम्ही मला विचारून जायचं."

सणाच्या दिवशी हा काय पोरखेळ! पण तिच्या तोंडावर हसू नव्हतं. एकदा मागितली, दिली. श्रीखंड जास्त झालं होतं, तासाभरानं परत उठलो. दारात शेजारचे काका गुढीचा प्रसाद घेऊन आलेले. त्यांच्यासमोर हात पुढं केला.

मालती म्हणाली, "परत?"

एवढंच म्हणाली. काका हसले. माझे कान तापले. तिनं किल्ली दिली आणि आत निघून गेली.

दिवसभर गुढीकडे बघत बसलो होतो. आणखी काही लिहवत नाही.

२ एप्रिल, बुधवार

अंकितानं तक्रार केलीय. उद्या कामगार कार्यालयातून एक अधिकारी बाई चौकशीला येणार. दादांनी केबिनमध्ये बोलावून स्वतः खुर्ची ओढून दिली. म्हणाले, "तुम्ही फक्त एवढंच सांगायचं. कामगारांचं मंडळ आहे, सगळे समाधानी आहेत, अंकिताला काढलं ते कामातल्या चुकीमुळं. तुम्ही अध्यक्ष आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे." मग सहज म्हणाले, "कटिंगचं नवीन ऑटोमॅटिक मशीन बघून आलो. अजून घ्यायचं का नाही, ठरवलं नाही."

चहा दिला होता. कपातच ठेवून आलो.

अंकिताची नोकरी माझ्या जिभेवर आहे, आणि माझीही. दोन्ही एकदम वाचत नाहीत. मालतीला विचारलं, काय करू? म्हणाली, "अध्यक्ष तुम्ही आहात."

३ एप्रिल, गुरुवार

मॅडम आल्या. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, उन्हानं घामाघूम. दादांनी सगळ्यांना मधल्या जागेत उभं केलं होतं. मॅडमसाठी एक खुर्ची, शेजारी एक माझ्यासाठी.

बसायच्या आधी मॅडमनी विचारलं, "वॉशरूम कुठं आहे?"

सगळ्यांनी माझ्या ड्रॉवरकडे बघितलं. मी उठलो, ड्रॉवर उघडला, किल्ली काढली आणि एवढ्या लोकांसमोर त्या बाईच्या हातात दिली. त्यांनी किल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि गेल्या. परत आल्यावर किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ही तुमच्याकडे असते?"

"हो," म्हणालो. जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

दादा पुढं झाले. "मॅडम, हे कामगारांचे अध्यक्ष. सांगा मास्तर."

"तुमची निवड कधी झाली?"

"सव्वीस जानेवारीला."

"कुणी निवडलं?"

मालतीचाच प्रश्न. तेव्हा टाळ्यांचं उत्तर दिलं होतं. आज तोंडावर आलं आणि गिळलं. "दादांनी," म्हणालो.

"अंकिताला काढलं ते का?"

दादा म्हणाले, "शेडची चूक, मॅडम. मास्तर साक्षीला आहेत." पत्रा तापून कडकड वाजत होता. समोर तिप्पण्णा, तानाबाई, सगळे. कुणी माझ्याकडे आशेनं बघत होतं असं नाही. हेच जास्त लागलं.

मी बोललो. काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण उद्या मलाच खरं वाटायचं नाही. म्हणालो, "शेडचं मी जेवताना सांगतो, सगळे एकत्र असताना. तीच रीत. ते जेवण मी तोडलं, पाळ्या लावून. मग सांगितलं ते निम्म्यांनाच पोचलं. तिच्यापर्यंत पोचलंच नाही. चूक माझी आहे. आणि युनियनची बातमी वर पोचवली ती पण मीच. तिला त्याच्यासाठी काढलंय, शर्टासाठी नाही."

दादा म्हणाले, "मास्तर, तुमची तब्येत बरी नाही."

"तब्येत बरी आहे, दादा. पण मला ह्या लोकांनी कधी काही सांग म्हटलेलं नाही. मी ह्यांचा अध्यक्ष नाही."

मॅडमनी विचारलं, "मग कामगारांच्या वतीनं कोण बोलणार?"

मागून आवाज आला, "मी बोलते." तानाबाई पुढं आल्या. गळ्यात कात्री तशीच. मी खुर्ची मोकळी केली. त्या बसल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पयलं त्या किल्लीचं बोलू."

१४ एप्रिल, सोमवार

आज सुट्टी, जयंती आहे. गल्लीत सकाळपासून निळे झेंडे आणि डीजे. इंद्रायणी मैत्रिणींबरोबर अभिवादनाला गेली. मला चल म्हणाली, गेलो. बरं वाटलं.

दादा माझ्याशी बोलत नाहीत. काम चिठ्ठीवर येतं. परिवार मंडळाची पाटी काढली, सूचनापेटी तेवढी विसरून राहिलीय. अंकिताची बोलणी कार्यालयात सुरू आहेत, दादांचे वकील जातात, तानाबाई जातात. मशीन येणार का नाही, कुणी सांगत नाही. भीती वाटते. ह्या वयात दुसरीकडे कोण घेईल? पण किल्ली ड्रॉवरमध्ये नाही. दाराशेजारी मी स्वतः खिळा ठोकला. वाकडा बसला, पण बसला.

अर्धा कारखाना बाहेर गेला नाही. लोक जातात, येतात, काम करतात. एवढंच होतं ते.

२८ एप्रिल, सोमवार

अंकिता परत कामावर आली! कार्यालयात तसं ठरलं. आज सकाळी गेटातून आत आली तेव्हा तिप्पण्णानं इस्त्री सोडून शिट्टी मारली. ती सरळ मशीनवर बसली, सुई खाली केली. मी कापलेलं बंडल स्वतः नेऊन दिलं. म्हणालो, "एकच शेड आहे."

"बघितलं मी," म्हणाली. मग बंडल सोडत, "तरी सांगितलंत ते बरं."

पाळ्यांचा तक्ता गेल्या आठवड्यात भिंतीवरून निघाला होता. आज कितीतरी दिवसांनी पूर्ण गोल बसला. मी स्टुलावर बसून डबा उघडला आणि मग राहवलं नाही. उठून गोलापाशी गेलो.

"युनियनमध्ये मला घेता का? अध्यक्षपदाचा अनुभव आहे."

तिप्पण्णाच्या तोंडातला घास उडाला. असा हशा त्या पत्र्याखाली मी ऐकला नव्हता. तानाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "अध्यक्ष हाय की हितं. निवडून आल्याली. तुमी मेंबर व्हा. अन् मेंबर खाली बसतो, मास्तर."

बसलो. गुडघे कुरकुरले. अंकिता सरकली, जागा झाली. सवयीनं डब्याचं झाकण पुढं केलं, तर तिनं ते अलगद माझ्यापुढं परत ठेवलं.

"झाकण लांब बसणाऱ्याचं असतं. गोलात बसल्यावर डबा मधे सारायचा."

डब्यात मालतीनं दिलेली भरली वांगी होती. दोनच. इतकी वर्षं मी सगळ्यांच्या हातचं खाल्लं, आणि माझ्या घरची चव इथं एकालाही माहीत नव्हती. कुणी मागितली नव्हती, मलाही कधी सुचलं नव्हतं. डबा सारला. तानाबाईंनी वांग्याचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. स्वयंपाक मालतीचा, पण घाबरलो होतो मी.

"चांगलं हाय की. मंग एवढे दिवस लपवून का खात हुता?"

डबा फिरून माझ्याकडे आला तो चाटूनपुसून. पोटभर जेवलो ते दुसऱ्यांचंच.

घरी आल्यावर मालतीला म्हणालो, उद्यापासून डबा मोठा दे.

"का? भूक वाढली?"

"नाही," म्हणालो. "माणसं वाढली."